कुलाब्याहून कुलाब्याला

गेटवेच्या धक्क्यावरून मांडव्याची लाँच सुटली की सगळ्यांचे मोबाइल ताजकडे वळतात. त्याच भागात, धक्क्यापासून चार पावलांवर, एक जुनी दगडी इमारत आहे. तिच्याकडे कुणी बघत नाही. हा जुना यॉट क्लब. 1949 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यातून इथे आली आणि 1962 मध्ये कुलाब्याच्या दक्षिण टोकाला स्वतःच्या इमारतीत गेली. लाँच दक्षिणेला लागते तेव्हा उजव्या हाताला तेच टोक लांबत राहतं. मी अलिबागचा. या वाटेनं मी किती वेळा गेलो-आलो असेन त्याचा हिशेब नाही, पण त्या टोकापलीकडे काय मोजलं गेलं हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडच्या वयस्कर माणसांच्या तोंडी अजून ‘कुलाबा जिल्हा’ येतं. जिल्ह्याला ते नाव अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून पडलेलं. 1981 साली त्याचा रायगड झाला. म्हणजे खाडीच्या या तोंडाला एक कुलाबा, पलीकडे दुसरा. या दोन कुलाब्यांमध्ये मोजमापाचं येणंजाणं जुनं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या प्रवाहानं या नोंदी बिघडणार हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि 1904 साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. पोरबंदरी दगड वापरला, कारण त्यात चुंबकत्व नाही. बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, आकडे जुळवून पाहिले, आणि मग 1906 मध्ये कुलाब्याचं ते काम थांबवलं. लहानपणी मी त्या आवाराच्या भिंतीवरून वाकून पाहिलं आहे. क्षीण गोष्ट मोजायची तर आधी गोंगाट दूर करावा लागतो, हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी त्या भिंतीनं सांगितलं.

पुढची गोष्ट पलीकडच्या कुलाब्यातली, साधारण शंभर वर्षांनंतरची. तिथेही प्रश्न गोंगाटाचाच होता, पण मोजायची वस्तू अशी होती की ती मुळात टिकतच नाही.

तिचं नाव बेरिलियम-8. चार प्रोटॉन, चार न्यूट्रॉन. हेलियमच्या अणुकेंद्रात, म्हणजे अल्फा कणात, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात आणि ती चौकडी फार घट्ट असते. असे दोन अल्फा कण जोडले की बेरिलियम-8 होतं, पण सुटे राहण्यातच त्यांना ऊर्जेचा थोडा फायदा असतो. त्यामुळे हे अणुकेंद्र अगदी शांत स्थितीतसुद्धा सेकंदाच्या सुमारे शंभर कोटी कोटीव्या भागाएवढ्या काळात दुभंगतं आणि पुन्हा दोन अल्फा कण उरतात. निसर्गात ते साठवलेलं कुठेच सापडत नाही.

इतक्या अल्पजीवी वस्तूची उठाठेव कशासाठी? कारण आपल्या देहातला कार्बन याच नाजूक पायरीवरून आला आहे. ताऱ्याच्या पोटात दोन हेलियम भेटतात, क्षणभर बेरिलियम-8 होतं, आणि ते मोडण्याआधी तिसरा हेलियम येऊन आदळला तर कार्बन तयार होतो. एडविन साल्पीटर यांनी 1952 मध्ये ही वाट मांडली. फ्रेड हॉइल यांच्या लक्षात आलं की एवढ्यानं भागत नाही. कार्बनला बरोबर जागी एक उत्तेजित पातळी असल्याशिवाय विश्वात दिसतो तेवढा कार्बन होणारच नाही. कॅलिफोर्नियात ती पातळी सापडली, सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेवर. हे हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. पुढे 1972 पासून 1989 पर्यंत नारळीकर याच कुलाब्याच्या संस्थेत होते. मराठी वाचकाला हॉइल ओळखीचे वाटतात ते त्यांच्यामुळे.

बेरिलियम-8 चा आकार कसा असावा याबद्दलच्या सुरुवातीच्या ठोस विचारांपैकी एक 1938 सालचा. लॉरेन्स हॅफस्टॅड आणि एडवर्ड टेलर यांनी काही हलकी अणुकेंद्रं अल्फा कणांची बनलेली आहेत असं धरून हिशेब केला. त्या चित्रात बेरिलियम-8 गोल नसतं. इंग्रजी पुस्तकं त्याला डंबेल म्हणतात. मला कावड आठवते. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना सारख्याच वजनाच्या टोपल्या. इथे काठी अशी काही नाही, दोन्ही टोपल्या एकमेकींना चिकटून आहेत एवढंच.

कावड गरगर फिरवली तर तिला किती ऊर्जा लागेल, याचा पुंजयामिकीत सरळ नियम आहे. फिरण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: शून्य, दोन, चार. मधल्या विषम पायऱ्या गळतात, कारण दोन्ही टोकांचे कण हुबेहूब एक आहेत, त्यांची अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. बेरिलियम-8 मध्ये दोनची पायरी 3.03 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर सापडते आणि चारची 11.4 च्या आसपास. आदर्श कावडीसाठी या दोघींचं गुणोत्तर 3.33 यायला हवं, येतं 3.75 च्या जवळपास. म्हणजे कावड आहे असं वाटतं, पण खात्री पटत नाही. चारच्या पायरीवरचं आयुष्य तर इतकं अल्प की एका सेकंदाचे एकावर बावीस शून्यं इतके भाग केले तर त्यातले दोनेक भाग. एवढ्या वेळात ती कावड एक गिरकी तरी पूर्ण घेते का? ज्याला गिरकी घ्यायलाही फुरसत नाही त्याला आकार आहे असं म्हणायचं का? हा प्रश्न मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

त्याचं उत्तर प्रकाशाकडून मिळवता येतं. फिरणाऱ्या कावडीच्या टोकांना विद्युतभार आहे, म्हणून वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना ती गॅमा किरण सोडू शकते. चारवरून दोनवर येताना त्या किरणाची ऊर्जा सुमारे 8 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोन्ही टोकांना सारखाच भार असल्यामुळे भाराचा मध्य हलत नाही, म्हणून साधं द्विध्रुवी प्रारण इथे बंद; उरतं ते चतुर्ध्रुवी. विद्युतचुंबकीय बलाचे नियम आपल्याला पक्के ठाऊक आहेत. तेव्हा हा किरण किती वेळा निघतो हे मोजलं की अणुकेंद्रातला विद्युतभार किती लांबट पसरला आहे ते थेट वाचता येतं. अडचण एकच. चारच्या पायरीवर पोचलेली कावड बहुतेक वेळा किरण वगैरे काही न सोडता सरळ तुटते. लांगांके आणि रॉल्फ्स यांनी 1986 च्या सुमारास काढलेल्या अंदाजाप्रमाणे साधारण एक कोटीत एकदा किरण निघतो.

हा अंदाज कागदावर पडून होता. दरम्यान अमेरिकेत दुसरीच एक मोहीम चालली होती, आणि तिच्या मुळाशी नागपूरचा एक माणूस होता.

विजय रघुनाथ पांढरीपांडे यांचा जन्म 1940 चा, नागपूरचा. नागपूर विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते टाटा संस्थेत आले. समुद्राकाठची नवी इमारत तेव्हा नुकतीच वापरात आलेली. तिथे काम करून 1969 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना गावी गेले ते तिथलेच झाले. महाराष्ट्रात त्यांचं नाव घराघरांत पोचलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. अणुकेंद्राचा सिद्धांत आज ज्या पायावर उभा आहे त्या पायाचे मोठे चिरे त्यांनी घातले. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातलं द्रव्य किती दाबलं जाईल हे सांगणारं अकमल आणि रेव्हनहॉल यांच्याबरोबरचं त्यांचं 1998 सालचं सूत्र जगभर वापरलं जातं. 1999 मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचं टॉम बॉनर पारितोषिक त्यांना मिळालं.

त्यांचा आग्रह साधा होता. अणुकेंद्राचं चित्र आधी मनात ठरवून मग त्यात आकडे बसवायचे नाहीत. दोन न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन, एकमेकांशी कसे वागतात ते प्रयोगांवरून पक्कं करायचं आणि तेवढ्यावरून सगळं अणुकेंद्र उभं राहतं का ते पाहायचं. कावड असेल तर ती गणितातून आपोआप दिसली पाहिजे, आपण काढून चालणार नाही. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विरिंगा यांनी 1995 मध्ये स्टोक्स आणि स्कियाविला यांच्यासह दोन न्यूक्लिऑनमधल्या बलाचं एक सूत्र दिलं. ते चार हजारांहून जास्त प्रायोगिक आकड्यांशी जुळवलेलं आहे. पण दोघादोघांचं बल धरून केलेल्या हिशेबात हलकी अणुकेंद्रं खऱ्यापेक्षा सैल येतात. घरात दोघं बोलत असताना तिसरा आला की त्या दोघांचं बोलणंही बदलतं, तसं इथे आहे. तिघांमधलं म्हणून एक वेगळं बल धरावं लागतं. ते बल नेमकं लिहिण्यात पांढरीपांडे यांची वर्षानुवर्षं गेली.

मग प्रत्यक्ष गणित. आठ कणांपैकी प्रत्येकाच्या फिरकीच्या दोन दिशा, म्हणजे 256 शक्यता. त्यातले चार प्रोटॉन कुठले हे निवडायचे 70 मार्ग. अवकाशातल्या प्रत्येक मांडणीसाठी 17,920 आकडे, आणि अशा मांडण्या संगणकानं लक्षावधी तपासायच्या. जोसेफ कार्लसन, स्टीव्हन पाइपर आणि विरिंगा यांनी पांढरीपांडे यांच्यासह ही पद्धत आठ कणांपर्यंत नेली. 2000 साली त्यांचा निबंध आला आणि त्यात बेरिलियम-8 च्या घनतेची आकृती होती. दोन अल्फा कण, शेजारी शेजारी, स्वच्छ वेगळे दिसणारे. संगणकाला कुणी अल्फा कण असा शब्दही सांगितला नव्हता. त्याला फक्त आठ सुटे कण आणि त्यांच्यातली बलं दिली होती. कावड गणितातून बाहेर आली.

चित्र कितीही देखणं असो, सिद्धांताला आकडा द्यावा लागतो आणि आकड्याला प्रयोगासमोर उभं राहावं लागतं. तो प्रयोग झाला कुलाब्याला, ज्या आवारातून पांढरीपांडे निघाले होते त्याच आवारात.

तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी मिळून पेलेट्रॉन हा त्वरक बसवला होता. 1988 च्या अखेरीस तो सुरू झाला. आमच्या नागाव-चौलच्या वाड्यांमध्ये रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना पेलेट्रॉन समजायला वेळ लागणार नाही. रहाटाच्या माळेवरची मडकी पाणी भरून वर आणतात, ओततात, रिकामी खाली जातात. इथे मडक्यांच्या जागी धातूच्या नळकांड्या असतात, नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेल्या, आणि त्या पाण्याऐवजी विद्युतभार वाहून नेतात. उंच टाकीच्या मध्यावर भार साठत जातो. 140 लाख व्होल्टपर्यंत जाण्यासाठी या यंत्राची रचना केलेली आहे. ठिणगी उडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू दाबून भरलेला असतो.

या यंत्राला वरून ऋणभारित कण द्यावे लागतात, आणि हेलियम तर कुणाकडून काही घेत नाही, कुणाला काही देत नाही. त्याच्या गळ्यात एक जादा इलेक्ट्रॉन बांधायचा तर त्याला आधी अल्कली धातूच्या वाफेतून न्यावं लागतं, आणि बांधलेला इलेक्ट्रॉनसुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात सुटतो. तेवढ्यात त्याला टाकीच्या मध्यापर्यंत ओढून घ्यायचं, तिथे त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढायचे, आणि आता धनभारित झालेल्या त्याला खाली ढकलायचं. 76 लाखांच्या आसपास व्होल्ट ठेवले की तिप्पट फायदा होऊन अल्फा कण सुमारे 23 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेनं बाहेर पडतो. हेलियमवर हेलियम आदळून चारची पायरी गाठायला लागते ती बरोबर एवढीच.

विवेक दातार, सुरेश कुमार आणि डी. आर. चक्रवर्ती हे भाभा केंद्राचे, वंदना नानल टाटा संस्थेच्या. यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मारा एका छोट्या वायुकोठडीतल्या हेलियमवर केला. वायूला कोंडायचं तर झडपा-खिडक्या आल्या. खिडक्या कितीही पातळ केल्या तरी कण त्यांच्यावरही आदळणारच, आणि त्यातून गॅमा किरण आणि न्यूट्रॉन उधळणारच. हा जुन्या कुलाबा वेधशाळेपुढचा ट्रामचाच प्रश्न. इथे मात्र दूर पळून जाण्याची सोय नाही, कारण गोंगाट आणि मोजायची गोष्ट एकाच कोठडीतून निघतात.

त्यांनी काढलेला मार्ग असा. एकटा गॅमा किरण आला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. किरण सोडून कावड दोनच्या पायरीवर उतरते आणि लगेच तिचे दोन अल्फा कण होतात. त्यांच्या ऊर्जेतून किरणानं नेलेला हिस्सा वजा झालेला असतो. तेव्हा बिस्मथ जर्मेनेट स्फटिकांत 8 दशलक्षाच्या आसपासचा किरण आणि त्याच क्षणी सिलिकॉनच्या शोधकांत दोन अल्फा कण, तिघांचा हिशेब जुळला तरच नोंद धरायची. साक्षीला तिघं हवेत आणि तिघांची जबानी एक हवी. कोटीमध्ये एक घटना हुडकायला याहून पक्का उपाय मला सुचत नाही.

निकाल 2005 मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. चारच्या पायरीवर नेम धरला तेव्हा ही घटना घडण्याचं माप, म्हणजे काटछेद, 165 नॅनोबार्न आलं. पायरीपासून बाजूला सरकल्यावर 39. आधीचा अंदाज होता 134. हा किरण जगात प्रथमच दिसला होता, आणि कावडीची साक्ष प्रथमच प्रकाशानं दिली होती.

पण 165 च्या पुढे दोन शेपट्या होत्या. आकड्यांच्या तुटपुंज्या संख्येमुळे अधिक-उणे 41, मापनपद्धतीमुळे अधिक-उणे 35. एवढ्या ढिल्या आकड्यावर सिद्धांत पारखता येत नाही. जवळपासचा कुठलाही अंदाज त्यात बसून जातो. पुष्कळ जण इथे थांबले असते. पहिला शोध लागला होता, नाव झालं होतं. ही मंडळी थांबली नाहीत. 19 ते 29 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात वेगवेगळ्या ऊर्जांवर त्यांनी तेच मोजमाप पुन्हा, जास्त काटेकोरपणे केलं. मदतीला परदेशातली मंडळी आली, दिल्लीतलेही आले. आठ वर्षांनी, 2013 मध्ये, दुसरा निबंध निघाला. अनिश्चितता साधारण एक-तृतीयांशावर आली होती. मला या आठ वर्षांचं मोल पहिल्या शोधाहून कमी वाटत नाही.

त्या निबंधाच्या लेखकांत दातार, चक्रवर्ती, सुरेश कुमार, नानल यांच्या पाठोपाठ सावेरिया पास्टोरे आणि रॉबर्ट विरिंगा ही नावं आहेत. विरिंगा म्हणजे पांढरीपांडे यांचे विद्यार्थी. ज्या आवारात गुरूनं डॉक्टरेटचं काम केलं तिथल्या आकड्याशेजारी शिष्यानं आपला आकडा ठेवला. गुरू ते पाहायला नव्हते. पांढरीपांडे 3 जानेवारी 2006 रोजी गेले. पहिला निबंध आला तेव्हा ते होते, दुसरा आला तेव्हा नव्हते.

आणि आकडे? संक्रमणाचं, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर उतरण्याचं, बळ ज्या एककात मोजतात, इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग गुणिले फेम्टोमीटरचा चौथा घात, त्यात प्रयोगानं दिले 21, अधिक-उणे 2.3. विरिंगा आणि पास्टोरे यांच्या गणितानं दिले 27.2, अधिक-उणे 1.5. जवळ आहेत, पण एक नाहीत. गणितातली कावड प्रयोगातल्या कावडीपेक्षा किंचित लांब आहे. यात चूक कुणाची हे लगेच ठरवता येत नाही. चारची पायरी इतकी क्षणभंगुर आहे की संगणकातसुद्धा हिशेब जसजसा पुढे सरकतो तसतसे दोन अल्फा कण एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. नेमकं कुठे थांबून मोजायचं याचा वेगळा विचार करावा लागतो. पुढच्याच वर्षी पास्टोरे, विरिंगा आणि सहकाऱ्यांनी बेरिलियम-8 च्या इतर अनेक संक्रमणांचा मोठा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात या रुंद पातळ्यांना अशी वेगळी वागणूक द्यावी लागली आहे.

आता खालची पायरी राहते. दोनवरून शून्यावर येतानाही कावडीनं किरण सोडायला हवा. पण त्याची ऊर्जा फक्त 3 दशलक्ष, आणि चतुर्ध्रुवी प्रारणाचा दर ऊर्जेच्या पाचव्या घातानं पडतो. म्हणजे कावडीचा आकार तोच राहिला तरी हा किरण वरच्यापेक्षा दीडशे पटींहून दुर्मीळ. शिवाय 2.6 दशलक्षावर प्रयोगशाळेच्या भिंतींतल्या आणि जमिनीतल्या थोरियमच्या विघटनमालिकेतून रात्रंदिवस गॅमा किरण निघत असतात, अगदी त्याच वस्तीत. पोरबंदरी दगड आणला तरी त्याच्यापासून सुटका नाही. तिथे पुन्हा तीन साक्षीदार बोलवावे लागतील, आणि त्यांची वाट पाहत बसावं लागेल.